शब्दांचंही माहेर असतं!

परवा संध्याकाळी शेजारची सूनबाई सहावीतल्या लेकीची वही घेऊन आमच्याकडे आली. डोळे भरलेले. "काकू, हिला उद्यापर्यंत वीस शब्द पाठ करायचेत. मी जवळ बसले, तर म्हणते, आई, तुला नाही समजायचं! आणि खरंच आहे हो तिचं. दहावीला माझी इंग्रजीतच दांडी गुल झाली होती."

वही पाहिली. ट्रान्सपोर्ट, इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, रिपोर्ट, सपोर्ट... मी विचारलं, "यातला तू कधीच न ऐकलेला शब्द कोणता?" ती विचारात पडली. सासूबाईंचा रक्ताचा रिपोर्ट तीच आणते. माहेरची द्राक्षं एक्स्पोर्टला जातात. ट्रकवर 'ट्रान्सपोर्ट' वाचतच ती लहानाची मोठी झाली. शब्द सगळे ओळखीचे. त्यांचं आपसातलं नातं मात्र तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

या सगळ्या शब्दांचं माहेर एकच, लॅटिन. प्राचीन रोमची ही भाषा. तिच्यात 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणे. मदर, वॉटर, ब्रेड हे इंग्रजीचे स्वतःचे, जुने घरगुती शब्द. पण १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढे कितीतरी वर्षं तिथल्या दरबारात फ्रेंचचा मान राहिला. फ्रेंच ही लॅटिनचीच लेक. तिच्या हाताला धरून लॅटिन शब्द इंग्रजीच्या घरात आले. नंतर विद्वानांनी थेट लॅटिनमधूनही पुष्कळ उचलले.

आता गंमत पाहा. 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे; पलीकडे वाहून नेणं ते ट्रान्सपोर्ट. 'एक्स' म्हणजे बाहेर, म्हणून एक्स्पोर्ट ही निर्यात. 'इन' म्हणजे आत. पुढे 'प' आला की त्याचा 'इम' होतो, म्हणून इम्पोर्ट ही आयात. 'रि' म्हणजे परत. बातमी परत घेऊन येतो तो रिपोर्ट. 'सब' म्हणजे खाली. त्यातला 'ब' पुढच्या 'प'मध्ये मिसळला आणि झाला सपोर्ट, म्हणजे खालून भार पेलणं. मांडवाचा खांब वेलीला देतो ना, तोच! सामान वाहतो तो पोर्टर, आणि उचलून नेता येईल ते पोर्टेबल.

काही लेकी मात्र चटकन ओळखू येत नाहीत. 'स्पोर्ट' त्यातलीच. जुन्या फ्रेंचमध्ये मन कामातून दूर नेणं, रमवणं, अशा अर्थाचा शब्द होता. तो इंग्रजीत आला, त्याचं पहिलं अक्षर गळलं आणि उरला स्पोर्ट. 'इम्पॉर्टंट'ही याच घरची. जी गोष्ट आपल्यासोबत परिणाम घेऊन येते, ती महत्त्वाची.

पण सारखं दिसलं म्हणून लगेच सोयरीक जुळवू नये हं! पासपोर्ट आणि एअरपोर्टमधला 'पोर्ट' हा लॅटिन 'पोर्तुस'वरून, म्हणजे बंदरावरून आला. 'अपॉर्च्युनिटी' म्हणजे संधी, तीसुद्धा बंदराचीच. जहाजाला बंदराकडे नेणारा अनुकूल वारा वाहू लागला, की ती संधी! तेव्हा शंका आली की शब्दकोश उघडावा.

आणि हे सारं आपल्याला परकं आहे का? मुळीच नाही. संस्कृतात 'हृ' असा धातू आहे. अर्थ तोच, नेणे. त्याला 'आ' लागला की आहार, 'वि' लागला की विहार, 'प्र' लागला की प्रहार, 'सम्' लागला की संहार आणि 'उप' लागला की उपहार. एवढासा उपसर्ग, पण कुठे जेवणाचं ताट आणि कुठे संहार! हे शब्द आपण रोज सहज वापरतो. मग तीच रीत इंग्रजीत दिसली, तर घाबरायचं कशाला?

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आलं. तेव्हापासून "आपल्याला काय येतंय" म्हणत अभ्यासाच्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन बसणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्या. ज्यांना ट्यूशन परवडते त्या ती लावतात. बाकीच्या गप्प बसतात. पण मुलाशेजारी बसायला फाडफाड इंग्रजी यावं लागत नाही. "हा शब्द कशाकशाचा मिळून झाला असेल रे?" एवढं विचारता आलं तरी पुरे. पी-ओ-आर-टी ही चार अक्षरं एकदा पक्की झाली, की पाच-सहा स्पेलिंगांचा अर्धा भार उतरतो. पाठांतर सुटत नाही, पण ते आंधळं राहत नाही.

त्या रात्री भिंतीपलीकडून मायलेकींचा आवाज येत होता. लेक विचारत होती, "आई, मग सपोर्ट म्हणजे?"

"खालून उचलून धरणं," आई म्हणाली. "आता स्पेलिंग तू सांग."