सेमिनारचा सारांश कसा लिहावा? – हळदीच्या निमित्ताने

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आणि बायोलॉजीचा सेमिनार हे समीकरण वाचूनच काही जण हसतील. बारावीनंतर बायोलॉजीला रामराम ठोकणाऱ्यांपैकी मीही एक. पण मी पडलो हिंगोली जिल्ह्याचा! आमच्याकडे हळद म्हणजे घराचा वर्षाचा हिशोब. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हळद संशोधन केंद्रही वसमतलाच. त्यामुळे हळदीच्या कंदकुजीवर सेमिनार आहे म्हटल्यावर मी गेलो आणि त्याचा एक पानाचा सारांश लिहिला. तो गावाकडेही वाचला जाणार होता, म्हणून जरा जपूनच लिहावा लागला. तो अनुभव तुमच्याही कामी येईल.

पहिली गोष्ट, सेमिनारला कोऱ्या डोक्याने जाऊ नका. आदल्या दिवशी तासभर वाचा आणि आठ-दहा शब्दांचे अर्थ वहीत उतरवा. उदाहरणार्थ, 'त्रिगुणित'. हळदीच्या पेशीत ६३ गुणसूत्रे असतात, म्हणजे २१ चे तीन संच. बीज तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात. तिघांच्या जोड्या कशा लागणार? म्हणून हळदीला बी धरणं दुर्मिळ आणि आपण लावतो ते बेणं, म्हणजे कंदच. आता पुढचं आपोआप कळतं: प्रत्येक रोप आईची हुबेहूब प्रत, आणि कंदात रोग असेल तर तोही बेण्याबरोबर पुढच्या वर्षी शेतात हजर! एक शब्द कळला की अर्धा सेमिनार कळतो तो असा.

दुसरी गोष्ट, ऐकताना सगळं लिहीत बसू नका. पानाचे चार भाग करा: प्रश्न काय होता? तो तपासला कसा? दिसलं काय? आणि त्याचा अर्थ काय लावला? शेवटचे दोन भाग कधीही एकत्र करू नका. आकडा लिहिला की त्याचं एकक आणि आधार लिहा. 'करक्युमिन ४ टक्के' म्हणजे कशाच्या ४ टक्के? ओल्या हळदीच्या की वाळलेल्या? शिजवून वाळवल्यावर ओल्या हळदीचा साधारण पाचवा हिस्साच उरतो. म्हणजे आधार बदलला की आकडा कुठल्या कुठे जातो. हे आपल्याला वेगळं शिकवायला नको, एकक नसलं की आपले मार्क कापले जातातच की!

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: प्रयोग कुठे झाला ते लिहा. कंदकूज करणारा पिथियम हा बुरशीसारखा जीव. याचे बीजाणू पाण्यात पोहतात, म्हणून पाणी साचलेल्या वावरात तो झपाट्याने पसरतो. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी प्रयोगशाळेच्या काचेच्या बशीत त्याची वाढ रोखते. पण बशी म्हणजे वावर नव्हे. वावरात काळी माती, पाऊस, इतर असंख्य जीव असतात. सारांशात नुसतं 'ट्रायकोडर्माने कंदकूज थांबते' असं लिहिलं, तर वाचणारा पुडी आणून टाकेल आणि पाण्याचा निचरा तसाच ठेवेल. त्याचं पीक गेलं तर त्याला जबाबदार कोण? म्हणून मी लिहिलं: 'बशीत वाढ रोखली. शेतात वापरताना निरोगी बेणं, गादीवाफा आणि निचरा यांची जागा हे औषध घेत नाही.' वाक्य लांबलं, पण खरं राहिलं. 'कशाच्या तुलनेत?' हेही विचाराच. काहीच न वापरलेला वाफा शेजारी नसेल, तर फरक औषधाचा की त्या वर्षीच्या पावसाचा, हे कसं ठरवणार?

लिहायला त्याच रात्री बसा. पहिल्या दोन ओळींत मुख्य निष्कर्ष, मग पद्धत, मग मर्यादा. वक्त्याने 'शक्यता आहे' म्हटलं असेल, तर तुम्ही 'सिद्ध झालं' लिहू नका. शंका असेल तर वक्त्यालाच विचारा. दोन मिनिटांचं काम. आणि शेवटी तो सारांश विषय माहीत नसलेल्या एखाद्याला वाचून दाखवा. तो जिथे अडखळेल तिथे दोष आपल्या वाक्याचा समजा.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. तर हळदीचीच गोष्ट ऐका. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. 'आमची आजी हळद लावायची' एवढं सांगून ते झालं नसतं. पुरावा म्हणून जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक छापील शोधनिबंध पुढे ठेवावा लागला. कोणीतरी नीट लिहून ठेवलं होतं, म्हणून जिंकलो!

तेव्हा पुढच्या सेमिनारला नुसत्या हजेरीसाठी जाऊ नका. वही घेऊन जा!