सत्कार आणि उधारी

गेल्या महिन्यांत आमच्या पेठेंतील एका संस्थेनें स्थानिक उद्योजकांचा सत्कार घडवून आणला. वाचनालयाचें सभागृह वेळेपूर्वींच भरून गेलें होतें. लहान धंदा करून आपलें व आणखी दोन-चार घरांचें पोट चालविणाऱ्या पांच व्यक्तींना शाल, श्रीफळ व मानपत्र देण्यांत आलें. त्यांत घरीं फराळाचे पदार्थ करणाऱ्या एक काकू होत्या, लेथवर पंपांचे सुटे भाग करणारे एक गृहस्थ होते, एका लहानशा छापखान्याचे वृद्ध मालक होते; राहिलेले दोघे दुकानदार. अध्यक्षांचें भाषण लांबलें, तें तसें लांबतेंच. त्यांनीं नोकरीच्या मागें लागलेल्या आमच्या समाजाला चार शब्द सुनावले व त्यावर टाळ्याही मिळविल्या. त्या नोकरदारांनींच अधिक वाजविल्या, हें आम्हीं मागील रांगेंतून पाहिलें.

समारंभ यथासांग झाला, यांत संशय नाहीं. परंतु चहाच्या वेळीं एक गोष्ट आमच्या कानीं आली, आणि घरीं पोहोंचेपर्यंत तिनें आमची पाठ सोडली नाहीं. ज्या सुबक निमंत्रणपत्रिका घरोघर गेल्या होत्या, त्या याच सत्कारमूर्ति मुद्रकांनीं छापल्या होत्या. मानपत्रेंही त्यांच्याच यंत्रावर निघालीं होतीं. आणि गतवर्षींच्या समारंभाच्या छपाईचें बिल अद्याप चुकतें झालेलें नव्हतें! आमचें नांव संस्थेच्या कार्यकारी मंडळाच्या यादींत आहे, म्हणून हा दोष दुसऱ्या कोणाच्या माथीं मारण्याची सोय आम्हांस नाहीं. बिल कोणीं मुद्दाम अडविलें नव्हतें. कोणाच्या लक्षांत राहिलें नव्हतें, एवढेंच. मुद्रकांनीं वर्षभर एकदांही तगादा लावला नाहीं. ‘आपलींच माणसें, मागायचें कसें?’ असें ते म्हणाल्याचें मागाहून कळलें.

येथें थोडें हिशेबानें बोलूं. मोठ्या कारखान्याचें येणें दोन महिने लांबलें, तर त्याची बँक त्याला सांभाळून घेते. लहान छापखानेवाल्यास कागद बहुधा रोखीनें आणावा लागतो, कामगारांचा पगार ठरल्या दिवशीं द्यावा लागतो, आणि विजेचें बिल तर कोणासाठींच थांबत नाहीं. आमच्याकडे अडकलेली रक्कम हें त्याचें पुढच्या कामाचें भांडवल असतें. तें अडकलें कीं तो दुसरीकडून व्याजानें पैसे आणतो. म्हणजे ज्याला आम्ही व्यासपीठावर शाल पांघरवितों, त्याच्याचकडून आम्हीं बिनव्याजी कर्ज काढलेलें असतें, आणि त्याचें व्याज तोच भरीत असतो.

या दुखण्यावर कायदा नाहीं असें नव्हे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसंबंधींच्या २००६ च्या कायद्यानें सूक्ष्म व लघु उद्योगांचें देणें लेखी करार असल्यास ठरल्या तारखेस, आणि कसेंही झालें तरी ४५ दिवसांच्या आंत, चुकतें करण्याचें बंधन घातलें. करार नसल्यास मुदत १५ दिवसांची. ती चुकली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दरानें, दरमहा चक्रवाढीनें, व्याज द्यावें लागतें. एवढ्यानें भागेना, म्हणून २०२३ च्या वित्तकायद्यानें प्राप्तिकराचा लगाम लावला. १ एप्रिल २०२४ पासून अंमलांत आलेल्या त्या तरतुदीप्रमाणें, असें देणें मुदतींत न देणाऱ्या व्यावसायिकास तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत उत्पन्नांतून वजा घालतां येईनासा झाला. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारांना मात्र २०२१ सालीं उद्योगांच्या नोंदणींत घेतलें तें बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरतेंच. उशिराच्या व्याजाचा हक्क त्यांना त्यानें मिळाला नाहीं. आणि ज्यांना हक्क आहे, तेही क्वचितच तक्रार गुदरतात. व्याज मिळेल पण गिऱ्हाईक जाईल, हें त्यांना आपल्यापेक्षां चांगलें कळतें.

वेळेवर मिळालेली मदत आणि मागाहून मिळालेला मान यांत अंतर किती असतें, हें पाहावयाचें तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचें चरित्र आठवावें. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी, बढती डावलली गेली म्हणून, सोडून ते बेळगांवास आले. तेथें सायकली विकल्या, मग कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर करूं लागले. लोखंडानें जमीन नासते, अशी तेव्हां शेतकऱ्यांची समजूत. नांगर घेण्यास कोणी धजेना. पुढें बेळगांवच्या नगरपालिकेनें कारखान्याची जागा सोडावयास लावली. त्या अडचणीच्या वेळीं औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं आपल्या संस्थानांत कुंडल रोड स्थानकाजवळची ओसाड जमीन दिली, आणि वर भांडवलासाठीं कर्जही दिलें. १९१० सालीं तेथें किर्लोस्करवाडी उभी राहिली. भारत सरकारनें लक्ष्मणरावांचें टपाल तिकीट काढलें तें १९६९ सालीं, जन्मशताब्दीस. ते स्वतः १९५६ सालींच निवर्तले होते.

आमच्या वाचकभगिनींना गिरगांवची गोष्ट अधिक जवळची वाटेल. १५ मार्च १९५९ रोजीं सात गुजराती गृहिणींनीं ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशीं पुडे झाले अवघे चार. त्या चार पुड्यांतून ‘लिज्जत’ उभें राहिलें, आणि पापड लाटून आणणाऱ्या भगिनीस तिची मजुरी रोजच्या रोज देण्याची रीत तेथें पडली. त्या सातजणींपैकीं जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री मिळाली २०२१ सालीं, म्हणजे ६२ वर्षांनीं. मजुरी जर अशा गतीनें मिळाली असती, तर पापड लाटावयास दुसऱ्या दिवशीं कोण आलें असतें?

आमच्या समारंभांतील काकूंना आम्हीं रीतीप्रमाणें विचारलें कीं, सत्कारानें कसें वाटलें. त्या हंसल्या. ‘बरें वाटलें हो, भाऊ. पण शाली माझ्याकडे आधींच तीन आहेत. त्यापेक्षां दिवाळीच्या फराळाची मागणी दसऱ्याआधीं सांगा आणि निम्मे पैसे तेव्हांच द्या. मग मला डाळ-तूप उधारीवर आणावें लागणार नाहीं, आणि चकलीही तुम्हांला स्वस्त पडेल.’

पुढच्याच आठवड्यांत मंडळाची बैठक भरली. पुढील वर्षापासून सत्कारमूर्तींचीं नांवें ठरविण्यापूर्वीं त्यांचें संस्थेकडील सर्व येणें चुकतें करावें, असा ठराव आम्हीं मांडला. एका सभासदांनीं ‘याला ठराव कशाला हवा?’ असें विचारलें. त्यांना आम्हीं जुनें बिल दाखविलें. ठराव मंजूर झाला. कोषाध्यक्ष व आम्ही दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोन्ही वर्षांचे पैसे घेऊन छापखान्यांत गेलों. मुद्रकांनीं चष्मा पुसून रक्कम मोजली, पावती फाडून दिली, आणि पुढच्या वर्षीं पत्रिकेचा मजकूर आठ दिवस तरी आधीं मिळावा, एवढेंच सांगितलें.