गोठलेलें क्रीडांगण

आपल्याकडे मैदानी खेळांचा शत्रु म्हटला म्हणजे पाऊस. मृगाच्या सरी कोसळूं लागल्या कीं क्रिकेटची मंडळी आपल्या यष्ट्या गुंडाळून घरीं जातात. फुटबॉल मात्र पावसाला भीत नाहीं. चिखलांत लोळत चेंडूमागें धांवण्यांत मुलांना उलट अधिकच मौज वाटते. थंडीचे दिवस तर आपल्याकडे खेळाचेच दिवस. म्हणून अशा ह्या धीट खेळाला नुसत्या थंडीनें दोन दोन महिने कोंडून ठेवलें, असें कोणीं सांगितलें तर आपणांस तें खरें वाटणार नाहीं. परंतु इ. स. १९६२-६३ च्या हिवाळ्यांत इंग्लंडमध्यें नेमकें हेंच घडलें.

त्या देशांत फुटबॉलचा हंगाम ऑगस्टमध्यें सुरू होऊन वसंत ऋतूंत संपतो. म्हणजे ऐन हिवाळा त्याच्या मध्यावर येतो. दरवर्षीं थोडेंफार बर्फ पडतें, चार दोन सामने पुढें ढकलावे लागतात आणि गाडें पुनः रुळावर येतें. त्या वर्षीं मात्र नाताळच्या दुसऱ्या दिवशीं हिमवर्षाव सुरू झाला, महिनाअखेरीस मोठें हिमवादळ झालें, आणि मग थंडी हटेचना. जानेवारीचें सरासरी उष्णमान शून्याखालीं दोन अंश होतें. मध्य इंग्लंडच्या नोंदीप्रमाणें १७४० नंतरचा हा सर्वांत कडक हिवाळा. केंट परगण्यांत किनाऱ्याजवळचा समुद्रहि गोठला. ज्या दिवशीं देशांत कोठेंच दंव गोठलें नव्हतें अशी त्या वर्षांतील पहिली सकाळ उजाडली ती ६ मार्चला!

वरचें बर्फ फावड्यांनीं दूर करतां येतें. खरी अडचण त्याच्या खालीं असते. मातींतील पाणी गोठलें म्हणजे हिरवळ फरसबंदीसारखी होते. जोड्यांचे खिळे तींत रुतत नाहींत आणि पडणाराचें हाड शाबूत राहील याचा भरंवसा नसतो. शिवाय बर्फ हें जमिनीचें एक प्रकारचें पांघरूणच आहे. तें काढलें कीं थंडी अधिक खोल शिरते. नॉरिच येथें मैदानावर ज्वालायंत्रें चालवून पाहिलीं. पण वितळलेल्या पाण्याला मुरावयास वाट नसली म्हणजे तें रात्रीं पुनः गोठावयाचेंच. रेक्सहॅमकरांनीं मैदानावर ऐशीं टन वाळू पसरली, तेव्हां कोठें त्यांचा एक सामना पार पडला.

व्यावसायिक क्लबांच्या त्या लीगमध्यें ९२ संघ चार विभागांत वांटलेले होते. पहिल्या विभागांतील मोठ्या क्लबांनाहि थंडीनें सोडलें नाहीं. बोल्टनचा संघ ८ डिसेंबरपासून १६ फेब्रुवारीपर्यंत एकहि सामना खेळूं शकला नाहीं. परंतु श्रीमंताचा उपवास आणि गरिबाचा उपवास यांत अंतर असतें. खालच्या विभागांतील क्लबांची मिळकत म्हणजे मुख्यतः दर सामन्याला दारावर जमणारा तिकिटांचा पैसा. दार बंद राहिलें तरी खेळाडूंचें वेतन चुकत नाहीं. आणि वेतनाची कमाल मर्यादा १९६१ सालींच उठल्यामुळें तो बोजा अगोदरच वाढला होता.

यॉर्कशरमधील हॅलिफॅक्स हें लोंकरीच्या व गालिच्यांच्या गिरण्यांचें गांव. तेथील हॅलिफॅक्स टाउन हा क्लब त्या वेळीं तिसऱ्या विभागांत होता. 'शे' नांवाचें त्याचें क्रीडांगण इतर क्रीडांगणांप्रमाणेंच गोठलें. फुटबॉल होईना, तिजोरी रिकामी. तेव्हां चालकांनीं एक युक्ति योजिली. बर्फ हटत नाहीं, तर बर्फावरच चरितार्थ चालवावा! त्यांनीं मैदान लोकांना पैसे घेऊन बर्फावर घसरण्याच्या खेळासाठीं खुलें केलें, आणि जेथें संघाचे शिलेदार धांवावयाचे तेथें शेकडों नागरिक स्केटिंग करूं लागले. वाचतांना हंसूं येतें खरें. परंतु ज्यानें एखादी लहान संस्था चालविली आहे त्याला ह्या हंसण्याच्या आड दडलेली विवंचनाहि दिसेल.

लहान क्लबांची दुसरी आशा म्हणजे एफ. ए. कप. ह्या स्पर्धेच्या तिसऱ्या फेरींत बडे संघ उतरतात, आणि एखाद्या गरीब क्लबाला एका दिवसांत वर्षाची बेगमी होते. त्या फेरीचे ३२ सामने ५ जानेवारीला व्हावयाचे होते. त्या दिवशीं झाले अवघे तीन. ती फेरी पुरी व्हावयास ६६ दिवस लागले आणि २६१ वेळां सामने पुढें ढकलावे लागले. चौथ्या विभागांतील लिंकन सिटी आणि तिसऱ्यांतील कॉव्हेंट्री सिटी यांचा सामना तर एकट्यानेंच पंधरा वेळां लांबणीवर पडला! कॉव्हेंट्रीचे व्यवस्थापक जिमी हिल यांनीं तेवढ्यांत आपला संघ आयर्लंडांत नेऊन खेळता ठेवला. शेवटीं ७ मार्चला सामना झाला, तो कॉव्हेंट्रीनें पांच विरुद्ध एक गोलांनीं जिंकला.

ह्या सगळ्यांत एक प्रकार मोठा चमत्कारिक घडला. सामन्यांच्या निकालांवर पैज लावण्याचा तेथें मोठा धंदा होता. सामनेच नाहींत तर निकाल कोठले? म्हणून २६ जानेवारी १९६३ रोजीं लॉर्ड ब्रॅबझन यांच्या अध्यक्षतेखालीं जुन्या नामांकित खेळाडूंचें एक पंचमंडळ बसलें आणि न झालेल्या सामन्यांचे निकाल त्यानें आपल्या अनुमानानें जाहीर केले. प्रत्यक्षाच्या अभावीं अनुमान हें प्रमाण, असें आपले नैयायिक म्हणतीलच. पण ह्या अनुमानानें पैजेचें चक्र चालूं राहिलें, मैदानाच्या दारावर मात्र एक पेनीहि पडली नाहीं.

हंगाम मे महिन्याच्या अखेरीपर्यंत लांबवावा लागला. कपाचा अंतिम सामना ४ मेऐवजीं २५ मेला झाला. हॅलिफॅक्स टाउन तिसऱ्या विभागांत सर्वांच्या शेवटीं, चोविसाव्या क्रमांकावर राहून चौथ्यांत उतरला. त्याचा सारा दोष बर्फाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. दुबळ्या शरीराला थंडी अधिक बाधते, इतकेंच म्हणावें. पुढें २००८ सालीं कर्जापायीं तो क्लब बंदहि पडला. परंतु गांवकऱ्यांनीं त्याच वर्षीं नवा क्लब उभारून त्याच 'शे' क्रीडांगणावर खेळ चालूं ठेवला.

आपल्या गांवचें वाचनालय, व्यायामशाळा किंवा नाट्यमंडळी यांचेंहि असेंच असतें. मोठ्या देणगीवर त्या जगत नाहींत. नेमानें येणाऱ्या चार माणसांच्या चार पैशांवर जगतात. संकट आलें म्हणजे दार लावून बसण्याऐवजीं बर्फावर कां होईना, पण लोकांना आंत बोलावणारे चालक त्यांना लाभोत. आणि बर्फ वितळल्यावर परत येणारे लोकहि लाभोत.