दर पंचवीस मिनिटांना एक जहाज

'कोण तुम्ही? कुठून आलात? काय भरलंय?' ॲड्रियाटिक समुद्रात हा सवाल सरासरी दर पंचवीस मिनिटांना कुठल्या ना कुठल्या जहाजाला केला जात होता. दिवसा, रात्री, सणावारी, साडेतीन वर्षं. 22 नोव्हेंबर 1992 ते 18 जून 1996 या काळात नाटो आणि पश्चिम युरोपीय संघाच्या युद्धनौकांनी 74,192 जहाजांना हटकलं. 5,951 जहाजांवर सैनिक चढले, 1,480 जहाजांची बंदरात नेऊन झडती घेतली गेली. निर्बंध मोडू पाहताना पकडलेली? नाटोच्या हिशेबात सहा.

या निर्बंधांचं मूळ ठराव क्रमांक 713. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं 25 सप्टेंबर 1991 रोजी एकमतानं युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी लादली. पंधरा मतांत एक भारताचं. (आर्थिक निर्बंध नंतर आले, म्हणून झडतीत तेलही शोधलं जाई.) बंदी सगळ्यांना सारखी, ऐकायला किती न्याय्य! पण देश फुटताना लष्कराच्या तोफा-रणगाड्यांचा मोठा वाटा सर्बांकडे राहिला. ज्याचं कोठार भरलेलं, त्याला बाजार बंद झाल्याचं काय?

बाजारही पुरता बंद नव्हताच. 1991 ते 1995 दरम्यान अर्जेंटिनातून सुमारे 6,500 टन शस्त्रं आणि दारूगोळा युगोस्लाव्हियातून फुटलेल्या क्रोएशियाला आणि इक्वेडोरला गेला. दहा टनी ट्रक धरले तर साडेसहाशे ट्रक! राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम यांच्या सहीच्या हुकुमांत मात्र माल निघाला होता पनामा आणि व्हेनेझुएलाला. यातल्या पनामानं आपलं सैन्य 1990 मध्येच मोडीत काढलं होतं. थाप मारायची तर निदान सैन्य असलेला देश तरी निवडावा.

सारायेव्होला तर समुद्रच नाही. युगोस्लाव्हियातूनच फुटलेल्या बोस्नियाची ही राजधानी 1,425 दिवस सर्ब फौजांच्या वेढ्यात होती. बाहेर पडायच्या वाटेत विमानतळ आडवा, आणि तो संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात. 1993 च्या उन्हाळ्यात बोस्नियाच्या लोकांनी त्याच्या खालूनच भुयार काढलं : लांबी सुमारे 800 मीटर, रुंदी मीटरभर, उंची 1.6 मीटर. आत पाणी साचायचं, पाठ सरळ करायची सोय नाही. त्यातून अन्न आलं, जखमी गेले आणि हत्यारंही आली. वर धावपट्टीवर शस्त्रबंदी घालणाऱ्या संघटनेचे सैनिक, आणि त्यांच्या पायाखालून छोट्या रुळांवर ढकलत नेलेले दारूगोळ्याचे गाडे.