अपडेट केल्यानं रिपोर्ट उडत नाहीत

“मामा, ते अपडेट करू नका. केलं की सगळे रिपोर्ट उडतात.”

परभणीत केस पेपरच्या रांगेत, एसटी स्टँडवर, सेवा केंद्राच्या बाकावर हा सल्ला अगदी काळजीनं दिला जातो. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण तो ऐकून माणसं दवाखान्याचे रिपोर्ट फोनवर दाखवणारं आभा ॲप जुन्या अवस्थेतच ठेवतात, मग ते चालेनासं झालं की वैतागून काढून टाकतात आणि पुन्हा कागदाच्या पिशवीकडे वळतात. आपल्या जिल्ह्याला हे परवडणारं नाही. परभणीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं असलं, तरी गंभीर आजाराचा पेशंट अजूनही नांदेडला विष्णुपुरीला, संभाजीनगरला घाटीत किंवा अंबाजोगाईला जातोच. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न ठरलेला असतो: “आधीचे रिपोर्ट कुठं आहेत?”

त्याच प्रश्नासाठी ही व्यवस्था उभी राहिली. आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालं. त्यात प्रत्येकाला 14 अंकी आभा क्रमांक मिळतो आणि त्याच्या आधारे वेगवेगळ्या दवाखान्यांतले कागद एका ठिकाणी पाहता येतात. पाहता येतात, हे महत्त्वाचं. साठवले जातात असं नाही. बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

“रिपोर्ट फोनमध्ये असतात, अपडेट केलं की जातात”

ही व्यवस्था बांधतानाच ठरलं होतं की सगळ्या देशाच्या रिपोर्टांचं एकच मोठं कोठार करायचं नाही. तुमचा रक्ताचा रिपोर्ट ज्या दवाखान्यानं किंवा लॅबनं तयार केला, तो त्यांच्याच संगणकप्रणालीत राहतो. आभा क्रमांकाला फक्त त्याचा दुवा जोडलेला असतो. तुम्ही संमती दिली की तो कागद तिथून मागवला जातो आणि तुमच्या पडद्यावर दिसतो. महाभूलेखचं संकेतस्थळ नवं झालं म्हणून सातबाऱ्यावरचं क्षेत्र कमी होत नाही, तसंच हे आहे.

तेव्हा अपडेटनं बदलतं ते दाखवणारं साधन. अपडेटनंतर कधी कधी ॲप पुन्हा लॉगिन मागतं, पडदा कोरा दिसतो आणि पोटात गोळा येतो. आभा क्रमांक किंवा आभा पत्ता (म्हणजे तुमचं खातेनाव) टाकून ओटीपी दिला की जोडलेले दवाखाने पुन्हा दिसू लागतात. कागद मागवायला पुन्हा संमती द्यावी लागू शकते, थोडा वेळही लागतो.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. दवाखान्यानं जोडलेला रिपोर्ट वेगळा आणि तुम्ही स्वतः फोटो काढून ॲपमध्ये टाकलेली जुनी चिठ्ठी वेगळी. फोटो टाकलेल्या चिठ्ठीचं मूळ कुठल्याही दवाखान्याच्या प्रणालीत नसतं. आरोग्याचे कागद दाखवणारी अनेक ॲप आहेत आणि असे फोटो कुठं ठेवायचे याची प्रत्येकाची रीत वेगळी आहे. अपडेटनं तेही सहसा जात नाहीत, पण ॲप काढून टाकलं किंवा फोनच्या सेटिंगमधून त्याचा डेटा पुसला तर जाऊ शकतात. म्हणून मूळ कागद फेकू नका. अपडेट करणं आणि ॲप काढून पुन्हा टाकणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. “चालत नाही? काढून पुन्हा टाका” हा सल्ला अपडेटपेक्षा जास्त जपून घ्यायचा.

“नवं अपडेट आलं की सगळे जुने रिपोर्ट आपोआप दिसतील”

हा गैरसमज उलट बाजूचा आहे आणि त्यानं जास्त निराशा होते. 2012 साली काढलेला एक्स-रे कोणतंही अपडेट आणून देणार नाही, कारण तो संगणकात कधी शिरलाच नव्हता. ज्या खाजगी दवाखान्यात आजही हातानं चिठ्ठी लिहितात, तिथलं काही दिसणार नाही. संगणक आहे पण त्याचं सॉफ्टवेअर या व्यवस्थेशी जोडलेलं नाही, तरी दिसणार नाही. दवाखान्याच्या सॉफ्टवेअरलाही टप्पे पार करावे लागतात: आधी आभा क्रमांक तयार करता येणं आणि तपासता येणं, मग आपल्याकडचे कागद देता येणं, मग दुसरीकडचे कागद संमतीनं मागवून पाहता येणं. पहिल्याच टप्प्यावर थांबलेला दवाखाना तुमचा क्रमांक लिहून घेईल, पण रिपोर्ट पाठवू शकणार नाही. त्यामुळे खरी वाट पाहायची असते ती दवाखान्याकडच्या अपडेटची. तुमच्या फोनचं अपडेट त्याची जागा घेऊ शकत नाही.

आणि सगळं जोडलेलं असूनही रिपोर्ट सापडत नाही, असं घडतं. याचं कारण आपल्या भागात फार ओळखीचं आहे. दवाखान्यातली जुनी नोंद तुमचीच आहे हे ओळखायला प्रणाली मोबाईल क्रमांक, नाव, लिंग आणि जन्मवर्ष ताडून पाहते. आता आपल्याकडची जन्मवर्षं बघा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहिलेल्या माणसांची एक पिढीच्या पिढी आहे. आधार काढताना अंदाजानं वय सांगितलेली म्हातारी माणसं आहेत. समजा, आजीच्या आधारवर 1959 आहे. 2024 साली खिडकीवर वय विचारल्यावर ती म्हणाली, “असंल साठ.” संगणकानं जन्मवर्ष धरलं 1964. पाच वर्षांचा फरक पडला, आता नोंद जुळवायची कशी?

नावाचंही तसंच. आधारवर माहेरचं नाव, केस पेपरवर सासरचं. एकीकडे “बाई” लावलेलं, दुसरीकडे नाही. मोबाईलची तर आणखी वेगळी गोष्ट. घरात आईजवळ साधा फोन, म्हणून क्रमांक दिला मुलाचा. मुलगा चाकणला कंपनीत, शिफ्ट चालू असताना फोन बंद. आई पालमहून आलेली, खिडकीपुढं उभी आणि ओटीपी चाकणला. या अडचणीत ॲपचा दोष नाही आणि कुठलंही अपडेट ती सोडवणार नाही.

सुटका होते ती केस पेपर काढतानाच. तोंडी वय आणि नाव सांगण्याऐवजी आभा क्रमांक सांगा, किंवा जिथे खिडकीवर क्यूआर कोड लावलेला असतो तिथे ॲपमधून तो स्कॅन करा. ही सोय ऑक्टोबर 2022 पासून आहे. नाव, जन्मवर्ष, क्रमांक सगळं जसंच्या तसं दवाखान्याकडे जातं, टोकन मिळतं आणि टाइप करताना चूक व्हायला जागा उरत नाही. शक्य असेल तर घरातल्या थोरांच्या आभाला पेशंटसोबत जाणाऱ्या माणसाचा क्रमांक जोडा. दूर नोकरीला असलेल्या माणसाचा क्रमांक देण्यात काही अर्थ नाही.

“अपडेट केलं की माहिती कंपन्यांकडे जाते”

ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात, या गोष्टी गावात कळल्या तर माणसाचं जगणं अवघड होतं. म्हणून संमतीचा पडदा नीट वाचायला प्रत्येकानं शिकावं असं मला मनापासून वाटतं.

एखादा डॉक्टर तुमचे जुने कागद मागतो तेव्हा त्या पडद्यावर दिसतं: मागणारा कोण, कशासाठी, कोणत्या प्रकारचे कागद (औषधाची चिठ्ठी, तपासणीचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड वगैरे), कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे आणि ही परवानगी कधी संपणार. “मंजूर” दाबण्याआधी यातलं कमी करता येतं. हाडाच्या डॉक्टरांना बाळंतपणाची फाइल द्यायची गरज नसते. दिलेली संमती नंतर मागेही घेता येते. कागद एका दवाखान्याकडून दुसऱ्याकडे कुलूपबंद स्वरूपात जातात, संमती सांभाळणारा मधला दुवा ते उघडून वाचू शकत नाही. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा स्वतंत्र केंद्रीय कायदाही 2023 साली संमत झाला आहे.

अपडेटनं ही संमती परस्पर दिली जात नाही. पण अपडेटनंतर ॲप नव्या परवानग्या विचारू शकतं. क्यूआर स्कॅन करायला कॅमेरा लागतो, तो द्या. रिपोर्ट पाहायला तुमच्या फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांची यादी लागत नाही. तशी मागणी आली तर नाकारा.

“आभा काढलं म्हणजे पाच लाखांचा उपचार फुकट”

नाही. आभा हा फक्त कागदपत्रांसाठीचा क्रमांक आहे, त्यात पैसा नाही. पाच लाखांपर्यंतचं संरक्षण देणारं आयुष्मान कार्ड वेगळं, महात्मा फुले जन आरोग्य योजना वेगळी आणि त्यांचे नियमही वेगळे.

“अपडेट नाही केलं तरी काय बिघडतं?”

12 मे 2017 रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभरचे संगणक कुलूपबंद केले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या 236 पैकी किमान 80 ट्रस्टना त्याची झळ बसली, तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं विंडोजचं अपडेट मायक्रोसॉफ्टनं 14 मार्चलाच दिलं होतं. म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. ते ज्यांनी टाकलं नव्हतं, त्यांचे संगणक अडकले.

आपल्याकडे 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर असेच अडकले आणि कित्येक दिवस नोंदणीपासून रिपोर्टपर्यंत सगळं हातानं करावं लागलं. तिथे कारण निराळं होतं. नेटवर्कची विभागणी नीट नव्हती, असं सरकारनं संसदेत सांगितलं. रुग्णांची माहिती परत मिळाली ती सुरक्षित राहिलेल्या बॅकअपमधून. म्हणजे अपडेट गरजेचं आहे, पण तेवढ्यानं भागत नाही.

अपडेट स्वतःच चुकू शकतं, हेही खरं आहे. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले, त्यात अनेक देशांतली रुग्णालयंही होती. म्हणून रुग्णालयाच्या संगणकावर अपडेट थेट ओपीडीच्या वेळेत टाकायचं नसतं. आधी एखाद्या संगणकावर तपासायचं, बॅकअप घ्यायचा, मग गर्दी नसताना सगळीकडे टाकायचं. फोनवरच्या ॲपला इतकं करावं लागत नाही. फक्त तपासणीला निघायच्या सकाळी किंवा रांगेत उभं राहून अपडेट सुरू करू नका. आदल्या रात्री घरीच करा आणि लागणारा रिपोर्ट उघडतो का ते पाहून घ्या.

“दवाखान्यातून फोन आला होता, अपडेटची फाइल पाठवली”

हे मात्र खरोखर धोक्याचं आहे. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल कधीही उघडू नये, मग ती आभाची असो, बँकेची असो की लग्नपत्रिकेची. खरं अपडेट प्ले स्टोअर किंवा ॲपल स्टोअरमधूनच येतं. तिथे आभा ॲपच्या नावाखाली नॅशनल हेल्थ अथॉरिटी लिहिलेलं आहे ना, ते बघा. आभा क्रमांक मोफत आहे आणि अपडेटलाही पैसे लागत नाहीत. ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करावा, तिथे जितक्या लवकर तक्रार जाईल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

काही जण नाव बदललेलं पाहूनही घाबरतात. आधी आभा क्रमांकाला हेल्थ आयडी म्हणत, मोहिमेचं नावही नॅशनल डिजिटल हेल्थ मिशन होतं. पुढे दोन्ही नावं बदलली. नाव बदललं म्हणून ॲप बनावट ठरत नाही.

“स्मार्टफोन नसेल तर आता उपचारच नाही”

आभा ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. सोनपेठ-गंगाखेडहून ऊसतोडीला गेलेल्या बाईजवळ साधा फोन असला तरी तिचा क्रमांक निघू शकतो. आधारनं काढलेला हा क्रमांक कागदावर छापून जवळ ठेवला तरी नोंदणीला चालतो. शिवाय 2021 मध्ये कोविडची लस घेताना आधार दाखवलेल्या अनेकांचा हेल्थ आयडी त्याच वेळी तयार झाला होता, त्यांना त्याचा पत्ताही नाही. नवा काढण्याआधी जुना आहे का ते तपासून घ्या, नाही तर रिपोर्ट दोन ठिकाणी विखुरतील. आणि ज्याला हे नकोच असेल, त्याला खातं तात्पुरतं थांबवता येतं किंवा कायमचं बंदही करता येतं. दवाखान्यानं स्वतःकडे ठेवलेली नोंद त्यामुळे पुसली जात नाही. ती त्यांच्या नियमांप्रमाणे राहते आणि तिची प्रत मागण्याचा तुमचा हक्कही तसाच राहतो.