छतावरची सौरवीज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. देशातील एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनल बसवण्याचे तिचे उद्दिष्ट असून त्यासाठी 75,021 कोटी रुपयांची तरतूद आहे. योजनेच्या नावातील ‘मुफ्त’ या शब्दाने अपेक्षा वाढवल्या, त्यासोबत काही गैरसमजही पसरले.

गैरसमज 1: सरकार पॅनल फुकट बसवून देते.
वस्तुस्थिती: योजनेतून खर्चाचा काही भाग अनुदानरूपाने मिळतो. पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी 18,000 रुपये, अशी कमाल रक्कम 78,000 रुपये होते. उरलेला खर्च ग्राहकाने करायचा असतो. त्यासाठी तीन किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय सवलतीच्या व्याजाचे कर्ज उपलब्ध आहे.

गैरसमज 2: अनुदानाची रक्कम आधीच हातात येते.
वस्तुस्थिती: राष्ट्रीय पोर्टलवर वीजबिलावरील ग्राहक क्रमांकासह अर्ज करावा लागतो आणि काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करून घ्यावे लागते. पॅनल बसले, नेट मीटर लागला आणि वीज कंपनीची तपासणी झाली की मगच रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. पॅनल आणि त्यातील सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. स्वस्त मिळाले म्हणून आयात पॅनल बसवल्यास अनुदान मिळत नाही.

गैरसमज 3: दरमहा 300 युनिट सर्वांना मोफत मिळतात.
वस्तुस्थिती: 300 युनिटचा आकडा छतावर तयार होणाऱ्या विजेचा आहे. एक किलोवॅटमधून महिन्याला साधारण 100 ते 120 युनिट मिळतात, म्हणजे 300 युनिटसाठी सुमारे तीन किलोवॅटची यंत्रणा लागते. शिवाय युनिट शून्यावर आले तरी बिलातील स्थिर आकार भरावाच लागतो.

गैरसमज 4: पावसाळ्यात यंत्रणा निरुपयोगी ठरते.
वस्तुस्थिती: ढगाळ हवेत निर्मिती घटते, पण थांबत नाही. नेट मीटरिंगमध्ये जास्तीची वीज ग्रीडला जाते आणि ते युनिट पुढच्या बिलात वळते होतात. समजा, एखाद्या घराने मे महिन्यात 340 युनिट बनवले आणि 300 वापरले, तर 40 युनिट शिल्लक राहतात. जुलैत 220 बनले आणि 260 वापरले गेले, तर तीच शिल्लक तूट भरून काढते. आर्थिक वर्षाअखेर उरलेल्या युनिटचा मोबदला वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतो. ग्राहक विजेसाठी मोजतो तोच हा दर असेल असे नाही.

गैरसमज 5: सौर यंत्रणा असली की भारनियमनाची झळ लागत नाही.
वस्तुस्थिती: ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज जाताच आपोआप बंद पडतो. लाइनमनने पुरवठा तोडून खांबावर काम सुरू केले असताना छतावरची वीज उलट तारेत शिरली, तर त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच ही व्यवस्था आहे. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. त्याचा खर्च वेगळा येतो.

गैरसमज 6: फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना या योजनेचा उपयोग नाही.
वस्तुस्थिती: गृहनिर्माण सोसायट्यांना लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातील दिवे आणि वाहन चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट 18,000 रुपये अनुदान आहे. 500 किलोवॅटपर्यंत, घरटी तीन किलोवॅट या हिशोबाने ते मिळते. पुण्यासारख्या शहरात सौरऊर्जा किंवा पर्जन्यजलसंधारण करणाऱ्यांना महापालिकेच्या मिळकतकरातही सवलत दिली जाते.

गैरसमज 7: यंत्रणा जितकी मोठी, तितका फायदा जास्त.
वस्तुस्थिती: तीन किलोवॅटनंतर अनुदान वाढत नाही, खर्च मात्र वाढत राहतो. महिन्याला 150 युनिटपर्यंत वापर असेल तर एक ते दोन आणि 150 ते 300 युनिट असेल तर दोन ते तीन किलोवॅटची यंत्रणा पुरते. प्रत्येक किलोवॅटसाठी सुमारे 100 चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते. शेजारची इमारत, पाण्याची टाकी किंवा नारळाचे झाड पॅनलवर सावली टाकत असेल तर निर्मिती घटते. म्हणून आधी गेल्या बारा महिन्यांची बिले आणि गच्चीवरील ऊन पाहून मग क्षमता ठरवणे योग्य.