समुद्र लांब, तरी गंज का? उजनीकाठच्या लोखंडी शेडबद्दल थोडंसं

'किनाऱ्यावर लोखंड टिकत नाही' म्हटलं की आपल्याला रत्नागिरी-अलिबाग आठवतं. करमाळा तालुक्यातल्या कंदर, वांगी, केत्तूरपासून समुद्र दोनशे किलोमीटरहून लांब, उजनीचं पाणीही गोडं. मग इथे शेड बांधताना गंजाचा विचार करायचा का? करायचा, फक्त वेगळ्या पद्धतीने.

गंजायला लोखंडाला लागतो ऑक्सिजन आणि पाण्याचा पातळ थर. पाऊसच हवा असं नाही. पहाटेचं दवही पुरतं. मीठ दोन कामं करतं: हवेतला ओलावा ओढून तो थर जास्त वेळ टिकवतं आणि त्यातून वीज वाहणं सोपं करतं. गंज ही विद्युत-रासायनिक क्रिया असल्याने तिचा वेग वाढतो.

कोकणात हे मीठ वाऱ्याने येतं. उजनीकाठी ते पोत्यातून येतं! पोटॅश (एमओपी) म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. मिठात असतो तोच क्लोराईड. फाटकं पोतं खांबाला टेकवून ठेवलं की त्या कोपऱ्यात आपणच छोटं कोकण तयार करतो. गोठ्यातलं शेण-मूत्रही खांबाचा पायथा ओला ठेवतं.

आता जस्ताचा हिशोब. आयएसओ ९२२३ या मानकानुसार मध्यम (सी-३) हवेत जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतं, तर तीव्र (सी-५) किनारी हवेत ४.२ ते ८.४. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या जाड खांबावर साधारण ८५ मायक्रॉनचा थर असतो. सी-३ मधला सर्वात जास्त वेग धरला तरी तो ४० वर्षं पुरेल. पण १२० जीएसएमच्या पत्र्यावर जस्त दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम, म्हणजे एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन. त्याच हिशोबाने चार वर्षं! दोन्हींना आपण 'जीआय'च म्हणतो.

म्हणून पत्रा घेताना 'किती जीएसएम?' हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. खांब मातीत पुरू नका. जमिनीपेक्षा उंच, उताराच्या काँक्रीट ओट्यावर बसवा. वेल्डिंगने जस्त जळतं, तिथे घासून जस्तयुक्त प्रायमर लावा. गंजावरच रंग मारला तर तो पापुद्र्यासकट निघतो. आणि खताची पोती खांबापासून दूर, फळ्यांवर ठेवा. या शेवटच्या कामाला तर पैसेही लागत नाहीत.